हॉटेलं किती भरली, हे मोजतात तरी कसं?

वर्तमानपत्राच्या अर्थपानावर दर महिना-दोन महिन्यांनी एक बातमी असते. देशातल्या हॉटेलांची अकुपन्सी, म्हणजे भरलेल्या खोल्यांचं प्रमाण, इतके टक्के, सरासरी भाडं इतके हजार, गेल्या वर्षीपेक्षा इतकी वाढ. वाचणाऱ्याला वाटतं, कुठेतरी सगळ्या हॉटेलांचा हिशेब जमा होत असेल आणि कोणीतरी त्याची बेरीज करत असेल. प्रत्यक्षात त्या आकड्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: काही हॉटेलांनी दिलेली खरी माहिती, आणि ज्यांनी दिली नाही त्यांच्याविषयी बांधलेला अंदाज. हा अंदाज किती भरवशाचा, हे बहुतेक वेळा शाळेतल्या अपूर्णांकावर येऊन थांबतं. अंशात काय घेतलं आणि छेदात कोणत्या खोल्या धरल्या?

मला हे कळलं ते रात्रपाळीत. पुण्यातल्या एका १२० खोल्यांच्या हॉटेलात मी काही वर्षं फ्रंट ऑफिसला होतो. रात्रीचा दीड वाजला, शेवटच्या विमानाची माणसं खोल्यांत गेली, लॉबीतले निम्मे दिवे मालवले, की नाईट ऑडिट सुरू व्हायचं. रेस्टॉरंटची बिलं जुळवायची, लाँड्रीच्या चिठ्ठ्या चढवायच्या, चालू असलेल्या प्रत्येक खोलीवर त्या रात्रीचं भाडं टाकायचं आणि मग संगणकाची तारीख पुढे ढकलायची. तारीख एकदा सरकली की त्या दिवसाचे आकडे गोठले. नंतर चूक सापडली तर ती दुसऱ्या दिवसाच्या हिशेबात दुरुस्त करायची. प्रिंटरमधून जो कागद निघायचा, तो सकाळी आठच्या आत जनरल मॅनेजर साहेबांच्या टेबलावर लागायचा.

त्या कागदाच्या तळाशी मी पेनाने चार ओळी लिहायचो. आसपासच्या चार हॉटेलांना फोन करून मिळवलेले आकडे. पलीकडेही माझ्यासारखाच कोणीतरी जागा असायचा. "बोला, किती झाले?" "एकशे बारा. तुमचे?" "नव्वद." कधी भाड्याचाही अंदाज सांगितला जायचा, कधी नाही. ताळा करायची सोय नव्हती. समोरचा खरं बोलतोय असं धरून चालायचं.

एका आठवड्यात आमच्या चौथ्या मजल्यावर पाइपांचं काम निघालं आणि बारा खोल्या बंद पडल्या. त्या रात्री ९० खोल्या विकल्या होत्या. मी ९० ला १०८ ने भागलं आणि फोनवर सांगितलं, ८३ टक्के. सकाळी साहेबांनी कागद बघितला आणि विचारलं, "बारा खोल्या कुठे गेल्या? इमारत लहान झाली का आपली?" त्यांच्या हिशेबाने ९० भागिले १२०, म्हणजे ७५ टक्के. हॉटेल तेच, रात्र तीच, पाहुणेही तेवढेच. छेद बदलला आणि आठ टक्क्यांहून जास्त फरक पडला. मी तो आकडा आदल्या रात्री चार हॉटेलांना सांगून बसलो होतो आणि त्या चारही ठिकाणच्या कागदांवर तो चढलेला होता.

तीन आकडे

सगळा खेळ तीन आकड्यांचा. पहिला अकुपन्सी: विकलेल्या खोल्या भागिले उपलब्ध खोल्या. दुसरा सरासरी भाडं: खोल्यांपासून आलेले पैसे भागिले विकलेल्या खोल्या. आपल्याकडे हॉटेलवाले याला एआरआर म्हणतात, परदेशात एडीआर हा शब्द चालतो. तिसरा रेव्हपार: खोल्यांपासून आलेले पैसे भागिले सगळ्या उपलब्ध खोल्या, म्हणजे विकल्या गेलेल्याही आणि रिकाम्या राहिलेल्याही.

तिसरा आकडा कशाला हवा? समजा १२० पैकी ९० खोल्या सरासरी ५,००० रुपयांना गेल्या. आले साडेचार लाख. प्रत्येक उपलब्ध खोलीमागे ३,७५०. शेजारच्या तेवढ्याच हॉटेलाने भाडं ४,००० वर आणलं आणि ११० खोल्या भरल्या. आले चार लाख चाळीस हजार, म्हणजे खोलीमागे ३,६६७. त्याची पार्किंग भरलेली दिसते, नाश्त्याला रांग दिसते, चादरी-टॉवेल जास्त धुवायचे आहेत, आणि खोल्यांपासून आलेले पैसे मात्र आपल्यापेक्षा कमी. नुसती अकुपन्सी बघणाऱ्याला हे दिसत नाही, नुसतं भाडं बघणाऱ्याला उलटी चूक होते. म्हणून मालक, बँका आणि शेअर बाजारवाले रेव्हपारकडे बघतात. अर्थात रेव्हपारमध्ये खर्च नसतो, बँक्वेट हॉलचं उत्पन्नही नसतं. लग्नांवर चालणाऱ्या हॉटेलाची निम्मी गोष्ट त्याच्या बाहेर राहते.

सूत्रं तीन ओळींची आहेत, पण अंशात काय धरायचं हे ठरवताना डोकं फुटायची वेळ येते. कंपनीच्या साहेबांना फुकट दिलेली खोली 'विकली' म्हणायची का? ती आम्ही कॉम्प म्हणून वेगळी टाकायचो. धरली तर अकुपन्सी वाढते आणि सरासरी भाडं पडतं. ड्युटी मॅनेजर झोपला ती खोली हाउस यूज. पाहुणा आलाच नाही, पण एका रात्रीचे पैसे कापून घेतले, तो नो-शो: पैसे आले, खोली रिकामी. सकाळी विमानातून उतरून संध्याकाळी गेलेला पाहुणा, आणि त्याच खोलीत रात्री दुसरा; एकच खोली एका तारखेला दोनदा विकली. अशा दिवशी अकुपन्सी शंभराच्या वर जाऊ शकते आणि त्यात लबाडी काहीच नसते.

पैशांचंही तसंच. जीएसटी सरकारचा, तो काढायचा. नाश्ता धरून भाडं लावलं असेल तर नाश्त्याचे पैसे वेगळे करून रेस्टॉरंटच्या खात्यात टाकायचे. मधल्या ऑनलाइन कंपनीने पाहुण्याकडून ५,००० घेतले आणि स्वतःचा हिस्सा ठेवून हॉटेलला ४,००० दिले, तर खोलीचं भाडं ५,००० की ४,०००? दोन हॉटेलांनी दोन उत्तरं धरली, तर त्यांच्या सरासऱ्या एकमेकींशेजारी मांडून काही कळत नाही. हा घोळ आजचा नाही. न्यूयॉर्क शहरातल्या हॉटेल संघटनेने १९२६ मध्येच हॉटेलांसाठी समान हिशेबपद्धत छापली होती. तिच्या सुधारित आवृत्त्या अजून निघतात आणि मोठ्या साखळ्या जगभर त्याच पद्धतीने खाती लावतात. लहान हॉटेलाचा हिशेब मात्र त्याच्या सीए साहेबांना सोयीचा असेल तसा.

आधी यादी, मग बेरीज

रात्रीच्या त्या फोनांचं पद्धतशीर रूप उभं केलं रँडी स्मिथ या अमेरिकन माणसाने. हॉटेलांचे हिशेब बघणाऱ्या एका मोठ्या फर्ममध्ये संशोधनाचं काम केल्यावर १९८५ मध्ये त्यांनी स्मिथ ट्रॅव्हल रिसर्च ही कंपनी काढली. पुढे ती एसटीआर या नावाने ओळखली गेली आणि २०१९ मध्ये कोस्टार या कंपनीने ती ४५ कोटी डॉलरना विकत घेतली. मला त्यांच्या कामात सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती सुरुवात: आधी त्यांनी देशातल्या हॉटेलांची यादी जमवायला घेतली. नाव, गाव, खोल्या किती, कोणत्या साखळीचं, कोणत्या दर्जाचं. आकडे नंतर. यादीच नसेल तर आपल्याकडे आलेली माहिती शंभरातल्या साठांची की सहांची, हे कसं कळणार?

आज काम असं चालतं. हॉटेल दर रात्री किंवा दर महिन्याला तीन गोष्टी पाठवतं: किती खोल्या उपलब्ध होत्या, किती विकल्या, खोल्यांपासून किती पैसे आले. मोठ्या साखळ्यांचे आकडे मुख्यालयातून एकगठ्ठा जातात. टक्केवारी हॉटेलाने काढायची नसते. ती गोळा करणाऱ्याने काढायची, म्हणजे छेद सगळ्यांना सारखा लागतो. माझ्या त्या ८३ टक्क्यांना इथे जागाच मिळाली नसती. अशा दुरुस्तीच्या बंद खोल्यांना एसटीआरचा नियम आहे: सहा महिन्यांहून कमी काळ बंद असेल तर खोली छेदात राहते.

आलेल्या आकड्यांची मग छाननी होते. खोल्यांपेक्षा विक्री जास्त दिसते का, कालपर्यंतचं सरासरी भाडं आज एकदम कसं वाढलं? बहुतेक वेळा कोणीतरी करासकट रक्कम टाकलेली असते. मग हॉटेलला विचारणा जाते.

हॉटेलला या बदल्यात अहवाल मिळतो आणि त्यासाठीच ते माहिती देतं. स्वतःला तुल्यबळ वाटणारी काही हॉटेलं ते निवडतं आणि त्या गटाची एकत्र सरासरी त्याला दाखवली जाते. गटाची अकुपन्सी ६५ आणि तुमची ७० असेल, तर ७० भागिले ६५ गुणिले १००, म्हणजे निर्देशांक १०७.७. शंभर म्हणजे वाट्याला यायला हवं तेवढं आलं. गटातल्या एकट्या हॉटेलाचा आकडा कोणालाही मिळत नाही. गट फार लहान ठेवूनही चालत नाही, कारण गटात दोनच हॉटेलं असतील आणि एक तुमचं असेल, तर वजाबाकी करायला कितीसा वेळ लागतो? स्पर्धकांनी एकमेकांना थेट भाडी सांगणं कायद्याच्या दृष्टीनेही नाजूक प्रकरण आहे. आमचे ते रात्रीचे फोन आज आठवले की जाणवतं, त्यात धोका होता. मधला त्रयस्थ ही अडचण कमी करतो, संपवत नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत सिॲटलच्या न्यायालयात काही ग्राहकांनी कोस्टार आणि बड्या हॉटेल साखळ्यांवर नेमका याच देवाणघेवाणीवरून दावा लावला.

गट निवडायचं स्वातंत्र्य हॉटेललाच असतं, आणि इथे माणसाचा स्वभाव शिरतो. वर्षअखेरीचा बोनस या निर्देशांकावर असेल तर जरा कमजोर शेजारी निवडायचा मोह होतो. म्हणून मालकाने १०७ बघून खूश होण्याआधी गटात कोण आहे ते विचारावं.

जे बोलत नाहीत त्यांचं काय?

आता मुख्य मुद्दा. शहरातली सगळी हॉटेलं माहिती देत नाहीत. मग 'शहराची अकुपन्सी' कुठून येते? एका काल्पनिक गावाचा हिशेब मांडून बघू. वाचताना कागद-पेन्सिल घेतलीत तर उत्तम.

गावात १,००० खोल्या. त्यातल्या ६०० मोठ्या हॉटेलांत, ४०० लहान हॉटेलांत आणि लॉजमध्ये. मोठ्यांपैकी ५४० खोल्यांची माहिती येते: ७० टक्के भरलेल्या, भाडं ७,०००. लहानांपैकी फक्त ६० खोल्यांची: ५० टक्के भरलेल्या, भाडं २,०००.

आली तेवढी माहिती सरळ एकत्र केली तर काय होतं? विकल्या ३७८ अधिक ३०, म्हणजे ४०८. भागिले ६००, अकुपन्सी ६८ टक्के. पैसे २७ लाख ६ हजार. सरासरी भाडं ६,६३२. रेव्हपार ४,५१०.

आता थर लावून करू. मोठ्यांचे ७० टक्के मोठ्यांच्या सगळ्या ६०० खोल्यांना लावले: ४२०. लहानांचे ५० टक्के लहानांच्या ४०० खोल्यांना: २००. एकूण ६२० भागिले १,०००, अकुपन्सी ६२ टक्के. पैसे २९ लाख ४० हजार अधिक ४ लाख, म्हणजे ३३ लाख ४० हजार. सरासरी भाडं ५,३८७. रेव्हपार ३,३४०.

४,५१० आणि ३,३४०. गाव एक, रात्र एक, माहितीही एकच. पहिल्या पद्धतीत, जे बोलले नाहीत ते जणू गावात नव्हतेच. दुसऱ्या पद्धतीत ते गावात आहेत असं धरलं आणि ते आपल्या जातकुळीतल्या हॉटेलांसारखेच वागत असतील असं मानलं. एसटीआरसारख्या कंपन्या दुसऱ्या वाटेने जातात: यादीतल्या पण माहिती न देणाऱ्या हॉटेलला त्याच परिसरातल्या, त्याच दर्जाच्या, साधारण तेवढ्याच हॉटेलांवरून अंदाजे आकडा लावायचा. थर पाडताना भाड्याची पातळी बघतात, जागा बघतात: शहराच्या मध्यात, विमानतळाजवळ, महामार्गावर, की समुद्रकिनारी.

या पद्धतीलाही एक कच्चा दुवा आहे. लहानांच्या ४०० पैकी ज्या ६० खोल्यांची माहिती आली, ती हॉटेलं कोणती असतील? ज्यांच्याकडे संगणक आहे, हिशेबनीस आहे, ज्यांना अहवालाचा उपयोग आहे अशी. बाकीच्या ३४० खोल्यांत स्टँडसमोरचा रजिस्टरवर चालणारा लॉज आहे. साठांचे ५० टक्के त्याला लावले, पण त्याच्याकडे प्रत्यक्षात ३० असतील किंवा लग्नसराईत ९० असतील. थर कितीही बारीक पाडले तरी गप्प बसलेला माणूस बोलणाऱ्यासारखाच आहे, हे शेवटी मानूनच चालावं लागतं. म्हणून कोणताही अहवाल हातात आला की मी आधी शोधतो ती ओळ: एकूण खोल्या किती आणि माहिती किती खोल्यांची. ती ओळ नसेल तर वाढ-घटीची टक्केवारी दशांश चिन्हापर्यंत दिलेली असली तरी तिच्यावर फार विसंबून राहू नये.

सरासऱ्यांची सरासरी हीसुद्धा नेहमीची चूक. २०० खोल्यांचं हॉटेल ८० टक्के भरलं, २० खोल्यांचं ३० टक्के. सरासरी ५५? भरल्या १६० अधिक ६, म्हणजे २२० पैकी १६६, साडेपंच्याहत्तर टक्के. छोट्या संघटनांच्या पत्रकांत पहिल्या पद्धतीचे आकडे मी अनेकदा बघितले आहेत.

कोरोनाने या छेदाची पुरती परीक्षा घेतली. अमेरिकेत २०१९ ची अकुपन्सी ६६.१ टक्के होती. २०२० च्या एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ती २१ टक्क्यांवर आली. पण बरीच हॉटेलं तर बंदच होती. त्यांच्या खोल्या छेदात धरायच्या की नाही? १,००० खोल्यांच्या गावात ६०० खोल्यांची हॉटेलं कुलूपबंद आहेत आणि उरलेल्या ४०० पैकी १२० विकल्या जातात. चालू हॉटेलांच्या हिशेबाने ३० टक्के, सगळ्या खोल्या धरल्या तर १२. चालू हॉटेल चालवणाऱ्या मॅनेजरला पहिला आकडा लागतो. गावातल्या सगळ्या हॉटेलांना कर्ज दिलेल्या बँकेला दुसरा. शेवटी एसटीआरने दोन्ही द्यायला सुरुवात केली आणि कुलूपबंद खोल्या धरून काढलेल्या आकड्याला वेगळं नाव दिलं. माझ्या मते हेच प्रामाणिक. एकच 'खरा' आकडा निवडायचा हट्ट तिथे चुकीचा ठरला असता.

दिवाळी सरकते, आकडा हलतो

'गेल्या वर्षीच्या याच महिन्यापेक्षा' हे शब्द आपल्याकडे जपून वाचावेत. लक्ष्मीपूजन २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला होतं, २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला, २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला. दिवाळीच्या ऐन दिवसांत कंपन्यांचे प्रवास थांबतात, पुण्या-मुंबईची व्यवसायाची हॉटेलं ओस पडतात. पाडवा-भाऊबीज झाली की महाबळेश्वर, अलिबाग, गोवा भरतात. म्हणजे एका वर्षीचा ऑक्टोबर आणि पुढच्या वर्षीचा ऑक्टोबर ही पंचांगाच्या दृष्टीने दोन वेगळी माणसं. त्यांची उंची शेजारी उभी करून मोजायची, तर ऑक्टोबर-नोव्हेंबर हे दोन्ही महिने एकत्र घ्यावेत. लग्नाच्या मुहूर्तांचंही तेच. आणि २०२५ च्या जानेवारीत नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम झाले. पुढच्या वर्षी त्याच तीन रात्रींशी तुलना करून 'नवी मुंबईत मागणी घसरली' म्हणणं वेडेपणाचं होईल.

भारतात कोण मोजतं

आपल्याकडे चित्र तुकड्यातुकड्यांत आहे. एसटीआरकडे इथली बरीच साखळी हॉटेलं माहिती देतात. एचव्हीएस ॲनारॉक, होरवाथ यांसारख्या सल्लागार कंपन्या अहवाल काढतात. इंडियन हॉटेल्स, लेमन ट्री, शॅले यांसारख्या शेअर बाजारातल्या कंपन्या दर तिमाहीला आपला रेव्हपार जाहीर करतात. या सगळ्यांत ठळकपणे दिसतात ती ब्रँडची हॉटेलं. बातमीत 'भारतातली हॉटेलं' असं लिहिलेलं असतं तेव्हा बहुधा त्यांच्याचबद्दल बोलणं चाललेलं असतं.

सरकार दुसरंच काही मोजतं: माणसांच्या भेटी. पर्यटन मंत्रालयाच्या आकडेवारीत २०२३ मधल्या देशी पर्यटकांच्या भेटी सुमारे २५० कोटी आहेत. देशाची लोकसंख्या १४० कोटींच्या आसपास. यात विसंगती नाही, कारण मोजली जाते ती भेट. राज्यांची पर्यटन खाती प्रामुख्याने राहण्याच्या ठिकाणांहून माहिती गोळा करून दिल्लीला पाठवतात. एकच कुटुंब शिर्डी, नाशिक आणि त्र्यंबकेश्वर करून आलं की तीन ठिकाणी मोजलं जाऊ शकतं. परदेशी पाहुण्याचं तसंच. विमानतळावरच्या शिक्क्याने तो देशात एकदा येतो, पण दिल्ली, आग्रा आणि मुंबईच्या हॉटेलांत उतरला की राज्यांच्या हिशेबात तीन भेटी होतात. परदेशी पाहुणा आला की चोवीस तासांत त्याची माहिती परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे पाठवावी लागते. आम्ही त्याला नुसतं 'सी फॉर्म' म्हणायचो. रात्रपाळीत एखादा राहिला की सकाळी झोप उडायची.

भेटी, माणसं, रात्री आणि खोल्या ही चार वेगळी मापं आहेत. ती एकमेकांत मिसळली की भांडणं होतात. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये गोव्याच्या परदेशी पर्यटकांवरून समाजमाध्यमांवर रान उठलं. एका पोस्टमधले आकडे दिशाभूल करणारे आहेत म्हणून गोव्याच्या पर्यटन खात्याने पोलिसांत तक्रार केली. खात्याच्या स्वतःच्या आकड्यांत २०१९ मध्ये सुमारे ७१ लाख देशी आणि ९.३७ लाख परदेशी पर्यटक होते. २०२३ मध्ये सुमारे ८१.७५ लाख देशी आणि साडेचार लाख परदेशी. म्हणजे 'गोव्यात पूर्वीपेक्षा जास्त लोक येतात' हे खरं आणि 'परदेशी निम्म्यावर आले' हेही खरं. कळंगुटच्या हॉटेलवाल्याला मात्र याच्या पुढचं हवं असतं. तो परदेशी पंधरा दिवस राहायचा, आताचा पाहुणा दोन रात्री. डोकी वाढली तरी विकलेल्या रात्री कमी होऊ शकतात. आणि छेदाचा प्रश्न आहेच. गोव्यात १९८२ च्या कायद्याने पर्यटन व्यवसायाची नोंदणी सक्तीची आहे, तरी कितीतरी फ्लॅट आणि बंगले नोंदणीशिवाय भाड्याने जातात. त्या खोल्या यादीतच नाहीत. पाहुणा तिकडे वळला की यादीतल्या हॉटेलाची अकुपन्सी पडते आणि मथळा छापला जातो, 'गोवा रिकामा'.

युरोपने यावर एक वाट काढली. २०२० च्या मार्चमध्ये युरोपीय आयोगाने एअरबीएनबी, बुकिंग, एक्स्पीडिया आणि ट्रिपॲडव्हायझर या चार कंपन्यांशी करार केला आणि त्यांच्यामार्फत बुक झालेल्या मुक्कामांचे आकडे युरोस्टॅट या सांख्यिकी कार्यालयाला मिळू लागले. दारोदार फिरून घरमालकांना विचारण्यापेक्षा चार ठिकाणी विचारणं सोपं. गोव्याला हे ताबडतोब करता येण्यासारखं आहे, असं मला मनापासून वाटतं.

कोकणात आणि पंढरपुरात मात्र तेवढ्याने भागणार नाही. आषाढीला पंढरपुरात जी माणसं राहतात, ती मठांत, धर्मशाळांत, भक्तनिवासांत, ओळखीच्या घरी, राहुट्यांत. त्यातलं काहीही रेव्हपारमध्ये येत नाही, येण्याचं कारणही नाही. पण महाराष्ट्रातलं 'राहणं' मोजायचं म्हटलं तर त्यातला मोठा तुकडा तिथे आहे.

मालवणजवळ तारकर्लीला आम्ही ज्या काकूंकडे उतरतो, त्यांच्याकडे चार खोल्या आहेत आणि एक लांबट वही आहे. मी एकदा त्यांची परवानगी घेऊन ती नीट चाळली. तारीख, गाव, मोबाइल नंबर, माणसं किती, त्यात शाकाहारी किती, ॲडव्हान्स किती. मे महिन्याची पानं गच्च भरलेली, जुलैची जवळजवळ कोरी. खोलीचा रकानाच नव्हता. भाडं माणशी, चहा-नाश्ता आणि दोन वेळचं जेवण धरून. एका खोलीत दोघं झोपले काय आणि पोराबाळांसकट पाच झोपले काय, काकूंचा हिशेब ताटांवर चालतो. "खोल्ये कित्याक मोजूचे?" त्यांनी विचारलं. "चारच तर आसत."

त्या वहीतून सरासरी भाडं काढायला मी बसलो आणि थांबलो. सुरमईचं ताट काढून टाकल्यावर खोलीचे किती उरतात हे काकूंना सांगता येईना, मलाही येईना. अशा घराची मोजणी घरमालकाकडून होणं अवघड. ती पाहुण्याच्या बाजूने करावी लागते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने जुलै २०२५ पासून वर्षभरासाठी देशांतर्गत पर्यटनावरच्या खर्चाची पाहणी हाती घेतली, ती या दुसऱ्या बाजूने. नमुन्यासाठी निवडलेल्या कुटुंबांना विचारायचं: कुठे गेलात, किती रात्री राहिलात, कुठे राहिलात, राहण्यावर आणि खाण्यावर किती खर्च झाला. तारकर्लीला काकूंकडे कोणी गेलं नाही तरी ठाण्यातल्या किंवा कोल्हापुरातल्या एखाद्या घरात त्यांच्या चार खोल्यांतली एक रात्र नोंदली जाऊ शकते. फक्त तिथेही प्रगणक राहण्याचा खर्च वेगळा विचारणार, आणि सांगणारा म्हणणार, जेवण धरून माणशी होतं.